दोन्ही हातांनी टाकतो, मग अडतो कुठे?

दोन्ही हातांनी पिचिंग करणाऱ्या, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणाऱ्या, बेसबॉल खेळाडूचा विषय निघाला की क्रिकेट बघत वाढलेला मराठी माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो. तुम्हीही तोच विचारलात: "उजवा दमला की डावा, म्हणजे एका पगारात दोन पिचर झाले की! मग असा माणूस मायनर लीगमध्ये सात वर्षं का अडकून पडतो?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा तपशिलात जाऊन सांगतो. मायनर लीग म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च मेजर लीगच्या खालची शिडी.

सात वर्षं हा आकडा पॅट व्हेंडेटीचा. नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरातला हा मुलगा जन्मानं उजव्या हाताचा. वडिलांनी तिसऱ्या वर्षापासून त्याला डाव्या हातानंही फेकायला लावलं. 2008 मध्ये न्यूयॉर्क यांकीजनी त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, 20 व्या फेरीत घेतलं. मेजर लीगच्या माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, तो पहिल्यांदा उभा राहिला 5 जून 2015 ला, आणि तोही यांकीजकडून नाही, ओकलंड ॲथलेटिक्सकडून. तिसावा वाढदिवस तेव्हा 25 दिवसांवर आला होता.

प्रश्नातली एक गोष्ट आधी बाजूला काढू. दोन हात आहेत म्हणून दुप्पट टाकता येत नाही, आणि कुठल्याही संघाला त्याच्याकडून दुप्पट नकोही असतं. दोन हातांचा फायदा कोनाचा आहे, दमाचा नाही.

कोन म्हणजे काय ते नीट पाहू. माउंडवरची पांढरी रबरी पट्टी ते बॅटर उभा असतो ती होम प्लेट हे अंतर 60 फूट 6 इंच, म्हणजे 18.44 मीटर. ताशी 95 मैलांचा, म्हणजे सुमारे 153 किलोमीटरचा चेंडू हे अंतर 0.4 सेकंदाच्या आसपास कापतो. बॅटरनं निर्णय घ्यायचा तो याच्या पहिल्या अर्ध्यात. उजव्या हाताच्या बॅटरसमोर उजव्याच हाताचा पिचर असेल, तर चेंडू सुटतो तो बॅटर ज्या बाजूला उभा आहे त्याच बाजूनं. क्षणभर वाटतं की अंगावरच येतोय, आणि स्लायडर, म्हणजे आडवा वळणारा चेंडू, असेल तर तो शेवटच्या काही फुटांत अंगापासून लांब निघून जातो. समोर डावखुरा पिचर असेल तर चेंडू पलीकडच्या बाजूनं सुटतो, लवकर दिसतो आणि वळतो तो बॅटरच्या दिशेनं. म्हणून बॅटरला विरुद्ध हाताचा पिचर आवडतो आणि पिचरला आपल्याच हाताचा बॅटर. क्रिकेटमध्ये उजव्या फलंदाजाला डावखुरा फिरकीपटू जड जातो, कारण त्याचा चेंडू बाहेर जातो. तत्त्व तेच, फक्त हातांची जोडी उलटी.

या एका गोष्टीवर मॅनेजर लोकांचं निम्मं डोकं खर्च होतं. डावखुरा बॅटर आला की डावखुरा पिचर आणायचा, मग समोरच्यानं उजवा बॅटर बदली पाठवायचा. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही, त्यामुळे अशा प्रत्येक अदलाबदलीत एकेक माणूस कायमचा खर्ची पडतो. त्यात मेजर लीगनं 2020 पासून नियम केला की नवा पिचर आणला तर त्यानं किमान तीन बॅटरना सामोरं जायचं किंवा ती अर्धी इनिंग, म्हणजे समोरच्या संघाची बॅटिंगची पाळी, संपवायची. एका डावखुऱ्या बॅटरपुरता डावखुरा पिचर आणून लगेच परत बोलवायची सोय त्यानं संपली. ओळीनं उजवा, डावा, उजवा असे तीन बॅटर येत असतील तर तिघांनाही नकोसा कोन देणारा माणूस एकच: सव्यसाची.

हा शब्द इथे नेमका बसतो. अर्जुनाला सव्यसाची म्हणतात ते डाव्या हातानंही बाण सोडता येतो म्हणून. जास्त बाण सोडता येतात म्हणून नव्हे.

आता कोनाचा फायदा दोन्ही बाजूंना कळतो, आणि तिथूनच पहिला घोळ झाला. 19 जून 2008, व्हेंडेटीचा व्यावसायिक बेसबॉलमधला पहिलाच सामना, स्टेटन आयलंड यांकीज विरुद्ध ब्रुकलिन सायक्लोन्स. नववी इनिंग, समोर राल्फ हेन्रिकेझ. हेन्रिकेझ स्विच हिटर, म्हणजे दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणारा. तो ज्या बाजूला उभा राही, त्या बाजूचा हात व्हेंडेटी मोकळा करी. ते पाहून हेन्रिकेझ प्लेट ओलांडून पलीकडच्या चौकटीत जाई. मग व्हेंडेटी ग्लोव्ह काढून दुसऱ्या हातात चढवी. परत हा इकडे, तो तिकडे. प्रेक्षक हसताहेत, दोन्ही मॅनेजर मैदानात, अंपायर एकमेकांना विचारताहेत, आणि नियमपुस्तकात उत्तरच नाही. पिचर तयार झाल्यावर बॅटरनं बाजू बदलायची नाही एवढं लिहिलेलं होतं, पण आधी कोणी ठरवायचं ते कुठेच नव्हतं. शेवटी अंपायरांनी बॅटरला आधी बाजू धरायला लावली. तो उजव्या बाजूला उभा राहिला, व्हेंडेटीनं उजव्या हातानं टाकलं आणि त्याला स्ट्राइकआउट करून सामना संपवला.

काही आठवड्यांतच मायनर लीगच्या अंपायर संघटनेनं नियम काढला, आणि निर्णय नेमका उलटा लागला: आधी पिचरनं सांगायचं. आजचा नियम असा आहे. पट्टीला पाय लावताना ग्लोव्ह ज्या हातात, त्याच्या विरुद्ध हातानं टाकणार हे मुख्य अंपायर, बॅटर आणि बेसवरचे धावणारे या सगळ्यांना स्पष्ट दिसलं पाहिजे. त्यानंतर तो बॅटर बाद होईपर्यंत, बेसवर जाईपर्यंत, इनिंग संपेपर्यंत किंवा त्याच्या जागी बदली बॅटर येईपर्यंत हात बदलता येत नाही. अपवाद दुखापतीचा. पण दुखापत म्हणून हात बदलला, तर तो दुखरा हात उरलेल्या पूर्ण सामन्यात बंद. आणि हात बदलल्यावर सरावाचा एकही चेंडू मिळत नाही. दहा मिनिटं ज्या हातात ग्लोव्ह होता, त्याच हातानं थेट खरा चेंडू टाकायचा.

म्हणजे स्विच हिटरपुढे पिचरचा फायदा गेलाच ना? कागदावर गेला. पण अनुभवी माणूस इथेही वाट काढतो. दोन्ही बाजूंनी सारखाच चांगला असा स्विच हिटर क्वचित. बहुतेकांची एक बाजू दुबळी असते. समजा एकाची उजवी बाजू कच्ची आहे, तर पिचरनं डावा हात जाहीर करायचा. बॅटर सवयीनं उजव्या चौकटीत येतो, कोनाचा फायदा त्याला मिळतो, पण तो आपल्या कच्च्या बाजूला अडकलेला असतो. त्यासाठी समोरच्या प्रत्येक स्विच हिटरचे दोन्ही बाजूंचे आकडे सामन्याआधी पाठ हवेत. ही तयारी साध्या पिचरला करावीच लागत नाही.

क्रिकेटशी तुलना लगेच सुचते, आणि आपल्याकडे तिचं उदाहरण घरचंच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचा, विदर्भाकडून खेळलेला अक्षय कर्णेवार उजव्या हातानं ऑफ स्पिन आणि डाव्या हातानं डावखुरी फिरकी टाकतो. सप्टेंबर 2017 मध्ये चेन्नईला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव सामन्यात त्यानं दोन्ही हातांनी गोलंदाजी केली. श्रीलंकेच्या कामिंदू मेंडिसनं 2025 च्या आयपीएलमध्ये ईडन गार्डन्सवर एकाच षटकात दोन्ही हात वापरले. क्रिकेटचा कायदा इथे मोकळा आहे: अंपायरला सांगितलं की प्रत्येक चेंडूला हात बदला, न सांगता बदलला तर नो बॉल. पण मोठा फरक कायद्यात नाही, शरीरात आहे. हे दोघेही फिरकी टाकतात. फिरकी गोलंदाजाचा खांदा आणि कोपर जो भार सोसतात आणि ताशी 90 मैलांनी फेकणाऱ्याचे जो सोसतात, त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दोन्ही हातांनी 140 किलोमीटरच्या वर टाकणारा वेगवान गोलंदाज मोठ्या क्रिकेटमध्ये दिसत नाही, यातच बेसबॉलच्या सव्यसाचीची अडचण समजते.

ती अडचण कमरेखालून सुरू होते. उजव्या हातानं टाकताना उजवा पाय पट्टीवरून ढकलतो, डावा पाय उचलून पुढे टाकायचा आणि त्यावर सगळ्या शरीराला ब्रेक लावायचा. जोर पायातून कमरेत, कमरेतून पाठीत, तिथून खांद्यात आणि सर्वांत शेवटी हातात येतो. डाव्या हातासाठी ही साखळी आरशातल्यासारखी उलटी. आता हिशेब करा. 15 चेंडू उजव्यानं आणि 15 डाव्यानं टाकले तर प्रत्येक कोपराच्या अस्थिबंधावर 15 चेंडूंचाच भार आला, हे खरं. पण पाय, मांड्या, कंबर आणि पाठ यांनी 30 चेंडू टाकले. आणि पिचरचा हात पाय दमल्यानंही बिघडू शकतो. पुढचा पाय आखूड पडायला लागला की कंबर लवकर उघडते, हात मागे राहतो, आणि राहिलेला वेग भरून काढायला खांदा आणि कोपर जादा जोर लावतात. म्हणून "उजवा दमला की डावा" हे गणित चुकतं. डावा ताजा असतो, पण त्याला ढकलणारा माणूस दमलेला असतो.

सरावाचं गणित याहून अवघड. पिचर दोन सामन्यांच्या मध्ये सराव म्हणून 25 ते 35 चेंडू टाकतो. त्यात वेगवान चेंडूची जागा, स्लायडर किंवा खाली वळणाऱ्या कर्व्हची पकड, मुद्दाम हळू टाकलेल्या चेंजअपचा वेग असं सगळं बसवायचं. दोन हात असले की एकतर तेवढेच चेंडू दोघांत वाटायचे, म्हणजे दोन्ही अर्धे कच्चे राहतात, नाहीतर दोन्हींना पूर्ण द्यायचे, म्हणजे शरीराला विश्रांतीचा दिवस उरत नाही. सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरला किमान तीन प्रकारचे भरवशाचे चेंडू लागतात. दोन हातांचे झाले सहा. शिवाय पकड एका हाताची दुसऱ्याला उसनी देता येत नाही. उजव्यानं छान कर्व्ह पडतो म्हणून डाव्यानं पडेलच असं नाही. व्हेंडेटीचे दोन हात सुरुवातीला दोन वेगळेच पिचर होते: उजवा वरून यायचा, जास्त वेगवान होता आणि वरून खाली पडणारा कर्व्ह टाकायचा. डावा बाजूनं, कमरेच्या जरा वरून यायचा आणि त्याचा भर स्लायडरवर होता. अशा माणसाला सामन्याच्या शेवटी एखाद-दुसरी इनिंग देणं हाच शहाणपणाचा वापर, कारण तिथे प्रत्येक हाताला दोनच चांगले चेंडू पुरतात. तो मुख्यतः रिलीव्हर, म्हणजे सामन्याच्या मध्ये किंवा शेवटी येणारा बदली पिचर, राहिला याचं कारण हेच.

आता ग्लोव्ह, कारण याबद्दल सगळ्यात जास्त चुकीचं बोललं जातं. साधा ग्लोव्ह उलटा करून दुसऱ्या हातात घालता येत नाही. अंगठा चुकीच्या बाजूला येतो आणि जाळी, म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांच्या मधला चेंडू धरणारा पट्टा, नको त्या जागी जातो. व्हेंडेटीचा मिझुनो कंपनीचा ग्लोव्ह सहा बोटांचा आहे: मध्ये चार बोटं, दोन्ही टोकांना एकेक अंगठा, आणि दोन्ही अंगठ्यांच्या आत एकेक जाळी. उजव्या हातात घातला की एका टोकाचा अंगठा कामाला येतो आणि दुसऱ्या टोकाचा रिकामा राहतो. डाव्या हातात घातला की उलट. तो लहान असताना वडिलांनी त्याच्या हातांची बाह्यरेखा कागदावर काढून जपानला फॅक्स केली, आणि त्यावरून पहिला ग्लोव्ह शिवून आला.

असा ग्लोव्ह मळवायला दुप्पट चिकाटी लागते. साध्या ग्लोव्हचं चामडं एकाच घडीवर मोडतं आणि तळहातात चेंडूचा खळगा तयार होतो. इथे घड्या दोन, खळगे दोन. एकाच हातात जास्त वापरला तर एक बाजू मऊ आणि दुसरी ताठ राहते, आणि ताठ बाजूला जोरात आलेला चेंडू अंगठ्यावर आपटून बाहेर उडतो. म्हणून झेलाझेलीतसुद्धा हात बदलत राहायचं. रिकामं राहिलेलं सहावं बोट खालून घरंगळत येणाऱ्या चेंडूला आधी लागू शकतं, तेव्हा ग्लोव्ह जमिनीला टेकवताना मनगट थोडं जास्त फिरवावं लागतं. आणि सामन्यात नाडी तुटली तर शेजारच्या खेळाडूचा ग्लोव्ह मागून घेता येत नाही. दुसरा तसाच ग्लोव्ह, मळवून तयार असलेला, बॅगेत हवाच.

ग्लोव्हची ही कल्पना व्हेंडेटीच्या आधीची. 28 सप्टेंबर 1995 ला माँट्रिऑल एक्सपोजच्या ग्रेग हॅरिसनं सिनसिनाटी रेड्सविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये असाच सहा बोटांचा ग्लोव्ह घालून दोन्ही हातांनी पिचिंग केलं. त्याआधी मेजर लीगमधली उदाहरणं शोधायची तर 19 व्या शतकात जावं लागतं. टोनी मुलेननं 1882 मध्ये हे केलं तेव्हा पिचर ग्लोव्ह घालतच नसत, त्यामुळे कुठला हात येणार हे बॅटरला शेवटपर्यंत कळायचं नाही. ग्लोव्ह आला आणि तो लपंडाव संपला.

सामन्याआधीच्या तयारीचंही तसंच. डगआउटमधून, म्हणजे संघाच्या बाकावरून, फोन आला की रिलीव्हर बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरच्या सरावाच्या जागेत, उभा राहतो आणि थोड्याच मिनिटांत तयार होतो. दोन हात गरम करायचे तर वेळ जास्त लागतो, आणि पहिला हात गरम करून दुसऱ्याकडे वळलात की पहिला गार पडायला लागतो. म्हणून समोर येणारे पहिले दोन-तीन बॅटर पाहून आधी लागणारा हात शेवटी गरम करणं बरं. माउंडवर आल्यावर सरावाचे चेंडू मोजकेच मिळतात, तेही दोघांत वाटायचे. हात बदलायला वेळ मात्र पुरेसा आहे: पिच क्लॉक, म्हणजे पिचरला वेळेची मर्यादा घालणारं घड्याळ, आल्यापासून दोन बॅटरच्या मध्ये 30 सेकंद असतात आणि ग्लोव्ह काढून घालायला त्यातले फार थोडे लागतात. वेळ जातो तो बाकीच्यांचा. प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरनं मनातला नकाशा उलटा करायचा, कारण मघाशी उजवीकडे जाणारा स्लायडर आता डावीकडे जाणार. आतल्या क्षेत्ररक्षकांनी दोन-चार पावलं सरकायचं. आणि पहिल्या बेसवर धावणारा असेल तर पूर्ण चित्रच बदलतं. डावखुरा पिचर पट्टीवर उभा राहिला की त्याचं तोंड पहिल्या बेसकडे असतं आणि धावणारा जपून उभा राहतो. उजव्याची पाठ असते. त्यामुळे पहिल्या बेसवर चेंडू फेकून धावणाऱ्याला बाद करायची युक्तीही दोन्ही हातांची वेगळी घोटावी लागते. बऱ्याच दोन-हाती मुलांचं इथेच उघडं पडतं: पिच दोन्हींनी येतात, पण पहिल्या बेसवरची फेक एकाच हाताची जमते.

आता सात वर्षांकडे येतो. मायनर लीग ही पायऱ्यांची शिडी आहे: तळाला रुकी संघ, मग सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. 2008 मध्ये सिंगल-एच्या खाली छोट्या हंगामाचीही एक पायरी होती. व्हेंडेटीची सुरुवात तिथेच झाली आणि त्या पहिल्या हंगामात त्यानं 23 सामन्यांत संघाची आघाडी शेवटपर्यंत राखली. नऊ इनिंगमागे सरासरी 0.83 धावा दिल्या. असे आकडे साध्या पिचरचे असते तर तो भराभर वर गेला असता. पण वर नेण्याचा निर्णय आकड्यांवर कमी आणि वेगावर जास्त होतो. डबल-एच्या वरचे बॅटर ताशी 85 मैलांचा चेंडू सोडत नाहीत, हे निवडणाऱ्यांना पाठ असतं. व्हेंडेटीच्या दोन्ही हातांचा वेग मेजर लीगच्या रिलीव्हरांपेक्षा बराच कमी होता. मग प्रत्येक पायरीवर तोच संशय नव्यानं उभा: हे कौशल्य आहे की करामत? ते प्रत्येक पायरीवर पुन्हा सिद्ध करायचं. माझ्या मते हा त्याच्यावर झालेला खरा अन्याय आहे, कारण त्याचं काम वेगाचं नव्हतंच, कोनाचं होतं, आणि ते तो दरवर्षी करून दाखवत होता.

त्यात 2012 आलं. उजव्या खांद्याचं लॅब्रम, म्हणजे खांद्याच्या खोबणीभोवतीची कुर्चेची कड, फाटलं आणि शस्त्रक्रिया झाली. बाकी पिचरसाठी हे म्हणजे काही महिने पूर्ण बंद. त्याच्याकडे डावा हात शाबूत होता, पण एका हाताचा व्हेंडेटी म्हणजे कमी वेगाचा एक साधा डावखुरा. जे त्याला वेगळं करत होतं तेच अर्धं झालं होतं. नंतर उजवा हातही बाजूनं यायला लागला. 2015 मध्ये ओकलंडनं त्याला ट्रिपल-ए नॅशव्हिलमधून वर बोलावलं आणि बोस्टनच्या फेनवे पार्कवर त्यानं डावखुऱ्या ब्रॉक होल्टला डाव्या हातानं बाद करून सुरुवात केली, मग ग्लोव्ह बदलून हॅनली रामिरेझला उजव्या हातानं टाकलं. दोन इनिंग, एकही धाव नाही. पुढे टोरोंटो, सिॲटल, लॉस एंजेलिस डॉजर्स, सॅन फ्रान्सिस्को आणि मायामी असे संघ बदलत 2020 पर्यंत तो येत-जात राहिला.

शिडीवर टिकून राहण्याला पैशाचीही बाजू आहे, ती थोडक्यात. 2008 मध्ये मायनर लीगच्या पहिल्या हंगामात महिन्याला 1,100 डॉलरच्या आसपास मिळत, तेही फक्त हंगामापुरते. 2023 च्या करारानंतर डबल-एचा किमान पगार वर्षाला 30,250 डॉलर आणि ट्रिपल-एचा 35,800 झाला. सात वर्षं थांबायची ताकद प्रत्येकात नसते.

त्याच्यानंतर शिडी चढू लागलेल्या दुसऱ्या सव्यसाचीची गोष्ट मात्र वेगळी आहे. यूरान्हेलो सेंजा कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावर वाढला. 2016 च्या लिटल लीग वर्ल्ड सिरीजमध्ये तो कुरासावकडून खेळला, पुढे मिसिसिपी स्टेट विद्यापीठाकडून. 2024 मध्ये सिॲटल मरिनर्सनी त्याला पहिल्याच फेरीत, 15 व्या क्रमांकावर घेतलं आणि करारावर सुमारे 49 लाख डॉलर दिले. व्हेंडेटी 20 व्या फेरीत आणि हा 15 व्या क्रमांकावर, यामागचं कारण एका वाक्यात: सेंजाचा उजवा हात एकटाच पहिल्या फेरीच्या लायकीचा आहे. तो ताशी 95 मैलांच्या वर जातो, आणि डावा त्याहून थोडा मागे. 2025 चा हंगाम त्यानं हाय-एमधल्या एव्हरेटमधून सुरू केला आणि डबल-एमधल्या आर्कान्सापर्यंत गेला.

गंमत अशी की सेंजा जन्मानं डावखुरा आहे. वडिलांचं बघून तो उजव्या हातानंही फेकायला लागला आणि लहानपणी शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आणि कॅचर या जागांवर खेळला. त्या जागांवर डावखुरा चालत नाही. शॉर्टस्टॉपनं चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकायचा तर डावखुऱ्याला आधी पूर्ण अंग वळवावं लागतं, आणि तेवढ्यात धावणारा पोचतो. म्हणून वर्षानुवर्षं हजारो फेका उजव्या हातानं झाल्या, आणि जन्माचा हात मागे पडला. हात जन्मानं जोरकस होत नाही, फेकून फेकून होतो, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

पण सेंजाची अडचण व्हेंडेटीच्या उलट आहे. व्हेंडेटीला दुसरा हात सोडणं परवडणारं नव्हतं. सेंजाचा उजवा इतका चांगला आहे की डाव्यावर खर्च झालेला प्रत्येक चेंडू उजव्याच्या वाढीतून वजा झाला असं वाटू शकतं. त्यात तो सामन्याची सुरुवात करणारा पिचर, म्हणजे तीन-तीन प्रकारांचा प्रश्न पुन्हा आला. डावखुऱ्या बॅटरलाही उजव्यानंच टाकावं असं अनेकदा ठरलं ते यामुळेच.

अमेरिकेत राहणाऱ्या काही मराठी आईवडिलांचा याला जोडून एक प्रश्न असतो: मुलगा डाव्या हातानं लिहितो, उजव्यानं फेकतो, दोन्ही शिकवू का? शिकवा, पण दोन गोष्टी लक्षात ठेवून. पहिली, लिटल लीगची मर्यादा पिचरच्या नावावर मोजली जाते, हातावर नाही: 9-10 वर्षांच्या मुलाला दिवसाला 75 चेंडू, 11-12 ला 85. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलानं 66 किंवा जास्त टाकले तर चार दिवस सुट्टी. दुसरा हात आहे म्हणून यातून सूट शोधू नका. घरच्या अंगणातले चेंडूही त्याच हिशेबात धरा.

दुसरी गोष्ट शिकवण्याच्या क्रमाची. नवा हात शिकवताना बहुतेक पालक हाताकडेच बघतात, आणि मूल नव्या हातानं फेकतं पण पाय जुनेच ठेवतं. मग खांदा लवकर उघडतो आणि चेंडू वर आणि फेकणाऱ्या हाताच्या बाजूला सुटतो. शंभर वेळा "नीट फेक" म्हणून तो सरळ येत नाही. आधी एक गुडघा टेकवून जवळून हळू फेकायला लावा. डाव्या हातासाठी डावा गुडघा खाली, उजवा पाय पुढे. अंग वळायला लागलं की उभं करा, मग पाऊल टाकायला लावा, आणि लिटल लीगचं 46 फुटांचं अंतर सगळ्यात शेवटी. सहा बोटांचा ग्लोव्ह लगेच मागवू नका. मूल वाढतं आहे, दोन साधे स्वस्त ग्लोव्ह पुरतात. व्हेंडेटीच्या वडिलांनी डाव्या हाताच्या फेकीसाठी लागणारी कंबर आणि पाय घडवायला त्याला दोन्ही पायांनी फुटबॉल मारायला लावला होता. तुम्हीही पहिले काही दिवस बेसबॉल कपाटातच ठेवा आणि मुलाला मागच्या अंगणात नवख्या पायानं फुटबॉल उंच मारायला सांगा.